डबलच्या नावाखाली सिंगल

पत्र :

काका, आम्ही दिव्याला राहतो. मिस्टर रबाळे एमआयडीसीत बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कंपनीत मशीन ऑपरेटर आहेत, नऊ वर्षं झाली, परमनंट आहेत. स्लिप २४,९६० ची, कापून हातात २३,२०० च्या आसपास. तीन वर्षांपूर्वी वन-बीएचके घेतला, त्याचा हप्ता १३,२००. घर घेताना ओटी (ओव्हरटाइम) धरूनच हिशोब केला होता. पाळी सुटल्यावर चार तास, महिन्याला साधारण ८० तास, डबल रेटने तासाला १२० रुपये, म्हणजे ९,६००. घरखर्च कितीही आवळला तरी १८,००० च्या खाली जात नाही. दिवाळीनंतर ऑर्डर नव्हती म्हणून दोन महिने ओटी बंद होती. एक हप्ता बाऊन्स झाला, माझ्या बांगड्या ठेवून ४०,००० उचलले. आता ओटी चालू झाली तर हे एकही सोडत नाहीत, रविवारसुद्धा. पहाटे साडेपाचला जातात, रात्री नऊला येतात. मुलगी दुसरीत आहे. सही घ्यायची वही ती त्यांच्या उशाशी ठेवून झोपते, पहाटे हे सही करून जातात. मी बी.कॉम. आहे. नौपाड्यात एका अकाउंटंटच्या ऑफिसात ११,००० ची नोकरी मिळते आहे. सासूबाई मुलीला बघायला तयार आहेत, पण म्हणतात, ओटी मिळतेय तोवर घ्यावी, लक्ष्मीला पाठ दाखवू नये. हे म्हणतात, तुझ्या महिनाभराच्या अकरा हजारांपेक्षा माझी ओटी बरी. हिशोबाने कुणाचं खरं? स्लिपचा फोटो जोडला आहे.

– एक वाचक, दिवा

उत्तर :

ताई, स्लिपचा फोटो जोडलात हे फार बरं केलंत. लोक पानंच्या पानं लिहितात आणि नेमकी स्लिप लपवतात. मी ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं टाइम ऑफिसात होतो. हजेरी, रजा, ओटी, सगळं माझ्या टेबलावरून जायचं. त्यामुळे पत्र बाजूला ठेवून आधी स्लिपच वाचली. तुमच्या भांडणाचं निम्मं उत्तर तिथेच सापडलं.

स्लिपवर मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १२,४८० आहेत. विशेष भत्ता ७,२८०, घरभाडे ३,१२०, प्रवास भत्ता २,०८०. एकूण २४,९६०. महिन्याचे २६ दिवस, दिवसाचे ८ तास, म्हणजे २०८ तास. २४,९६० ला २०८ ने भागा. १२० येतात.

परत एकदा भागून बघा. तुमच्या मिस्टरांचा साधा तास १२० रुपयांचा आहे आणि ओटीचा ‘डबल’ तासही १२० रुपयांचाच. कंपनीने काय केलंय, फक्त १२,४८० ला २०८ ने भागलं, ६० आले, त्याची दुप्पट केली. कागदावर डबल, खिशात सिंगल. दिवसभर उभं राहून थकलेला माणूस संध्याकाळी साडेतीनपासून साडेसातपर्यंत सकाळच्याच भावात काम करतो आहे, आणि घरी सगळे समजताहेत की दामदुप्पट मिळतेय.

आता कायदा काय म्हणतो ते सांगतो, कारण इथेच सगळे गडबडतात. १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम ५९ होतं. दिवसाला ९ किंवा आठवड्याला ४८ तासांच्या वर काम झालं की नेहमीच्या दराच्या दुप्पट पैसे. आणि ‘नेहमीचा दर’ म्हणजे मूळ पगार अधिक भत्ते, त्यातून फक्त बोनस आणि ओटीची रक्कम वगळायची. त्या हिशोबाने तुमच्याकडे तासाला २४० बसतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. दुप्पट त्यांतही आहे, पण ‘वेतन’ कशाला म्हणायचं याची व्याख्या बदलली. घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता असे काही भत्ते बाहेर काढता येतात, मात्र बाहेर काढलेलं सगळं मिळून एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झालं तर वरचा भाग परत वेतनात धरायचा. विशेष भत्ता त्या बाहेर काढायच्या यादीत नाही. म्हणजे तुमच्या स्लिपवरून घरभाडे आणि प्रवास वजा केले की १९,७६० उरतात. भागिले २०८, ९५. दुप्पट १९०.

जुन्या हिशोबाने २४०, नव्याने १९०, हातात १२०. एवढं एक वाक्य लिहून फ्रिजवर चिकटवा.

आता यातली खरी गंमत. हीच ९,६०० ची ओटी १९० च्या दराने कमवायला ८० नाही, ५१ तास लागतात. महिन्याचे एकोणतीस तास, म्हणजे सात-आठ संध्याकाळी, घरी परत येतात आणि एक रुपयाही कमी होत नाही. तुमचं भांडण ‘ओटी घ्यावी की सोडावी’ असं चाललंय. त्याच्या आधी ‘ओटी कितीला’ हे कुणी विचारलंच नाही.

कंपनी एवढी ओटी देते तरी का? मिस्टरांना वाटत असेल, आपण कामाला चोख म्हणून. असतीलच चोख. पण दुसरं माणूस ठेवायचं म्हटलं तर कंपनीला पगाराच्या वर पीएफ, बोनस, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा, युनिफॉर्म, कॅन्टीन, शिकवण्याचे दोन-तीन महिने, सगळं लागतं. १२० चा तास दीडशेच्या घरात जातो. शिवाय मंदी आली तर त्याला काढणं कटकटीचं. जुन्या माणसाला १२० ला थांबवता येत असेल तर दीडशेचा नवा कोण आणेल? पण ओटी खरोखर २४० ला पडली असती, तर मॅनेजरने स्वतःहून म्हटलं असतं, अरे आणखी दोन माणसं भरा. दुप्पट दर कायद्यात आला तो कामगारावर उपकार म्हणून नाही, मालकाला चटका बसावा म्हणून. अमेरिकेत १९३८ च्या कायद्याने दीडपट ठेवला, त्यामागेही काम जास्त हातांत वाटलं जावं हा हिशोब होता. मूळ पगार बारीक ठेवायचा आणि भत्ते फुगवायचे, ही युक्ती तो चटका चुकवण्यासाठी आहे. मी स्वतः अशी स्लिप वर्षानुवर्षं छापली आहे, त्यामुळे मला ती लांबून ओळखू येते.

आणखी एक. ८० तास महिन्याला म्हणजे तिमाहीला २४०. जुन्या केंद्रीय कायद्यात मर्यादा तिमाहीला ५० तासांची होती, महाराष्ट्राने २०१५ च्या दुरुस्तीत ती ११५ केली, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने १४४ पर्यंत न्यायचं ठरवलं. कुठलाही आकडा धरा, २४० कशातच बसत नाहीत. मग ते जातात कुठे? फोटोत नीट बघा, ओटीच्या खान्यात ३,८४० आहेत आणि खाली ‘प्रोडक्शन इन्सेंटिव्ह’ म्हणून ५,७६०. बेरीज ९,६००. पहिले ३२ तास ओटी, उरलेले ४८ तास इन्सेंटिव्ह. आमच्याकडे त्याला ‘हजेरी बक्षीस’ म्हणायचे. तिमाही संपायच्या आठवड्यात मी रजिस्टर दोन पेनांनी लिहायचो, याचा अभिमान वाटावा असं काही नाही.

त्या टाइम ऑफिसातली एक गोष्ट सांगतो. तेव्हा पंचिंग मशीन कार्डावर वेळ छापायचं, उशीर झाला की लाल शाईत. एका प्रेस ऑपरेटरचं कार्ड मला अजून आठवतं. सलग सहा दिवस आत सकाळी ६.५२, ६.५४, ६.५१, सगळं निळं, बाहेर रात्री साडेसातच्या पुढे. सातव्या दिवशी ७.२१, लाल. मी वर बघितलं तर तो खिडकीसमोर उभ्या उभ्या डोळे मिटून होता. त्याच संध्याकाळी, अकराव्या तासाला, त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं पेराशी गेली. गार्ड काढून ठेवला होता, कारण गार्ड लावला की तासाला नग कमी पडतात. चौकशीत ‘कामगाराची निष्काळजी’ असं लिहिलं गेलं. त्या आठवड्याचे तास किती होते हे कुणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

म्हणून तुमचे मिस्टर जेव्हा म्हणतात की माझी ओटी बरी, तेव्हा त्यांच्या बाराव्या तासाला किती झाकणं रिजेक्ट जातात तेही विचारा. मोल्डिंगवाल्याला हे चांगलं ठाऊक असतं, सकाळच्या शॉटला फ्लॅश, म्हणजे झाकणाच्या कडेला आलेलं जादा प्लास्टिक, लगेच दिसतो, संध्याकाळी सातला दिसत नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये तोफगोळे बनवणाऱ्या कारखान्यांत, बहुतेक बायकाच कामाला होत्या, तासांच्या आणि मालाच्या नोंदी ठेवल्या होत्या. जॉन पेन्कावेल या अर्थशास्त्रज्ञाने त्या शंभर वर्षांनी परत तपासल्या. आठवड्याला ४९ तासांपर्यंत जितके तास तितका माल. पुढे तास वाढतात तसा माल वाढत नाही, आणि ७० तास राबून जवळपास ५६ तासांइतकाच माल निघाला होता. तुमच्याकडे रविवार सोडूनही ६८ तास चालू आहेत. मालकाला स्वस्त पडतंय म्हणून तो हे चालवून घेतो.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. ओटीची चटक कामगारालाही लागते. आठ तासांत उरकणारं काम ‘जरा दमाने घ्या रे, संध्याकाळी भेटेल’ असं म्हणत बारा तासांवर नेताना मी माणसं बघितली आहेत. आणि ओटी कुणाला द्यायची हे सुपरवायझर ठरवतो, ही त्याची सगळ्यात मोठी ताकद असते. रजा मागितली, युनियनच्या कागदावर सही केली, की पुढच्या आठवड्यात यादीत नाव नसतं. ज्याच्या घराचा हप्ता ओटीवर उभा आहे त्याला पर्मनंट म्हणायचं फक्त कागदावर. तो खरा रोजंदारीवरच असतो, दर सोमवारी यादी बघणारा.

हेच तुमचं दुखणं आहे असं मला वाटतं. २३,२०० मधून हप्ता गेला की दहा हजार उरतात आणि घराला अठरा लागतात. आठ हजारांचं हे भगदाड दर महिन्याला ओटीने बुजवायचं ठरलं, तेही वीस वर्षांसाठी. पण ओटी कुणाची आहे? ती ऑर्डरची आहे. उन्हाळ्यात थंड पेयांच्या बाटल्या खपतात, झाकणं लागतात, ओटी असते. दिवाळीनंतर नसते. बँकाही हे ओळखून असतात, कर्ज देताना ओटी पूर्ण धरत नाहीत. तुम्ही घरी धरलीत. शिवाय ओटीच्या पैशावर पीएफ कापला जात नाही आणि ग्रॅच्युइटीच्या हिशोबातही ती येत नाही. वीस वर्षं रोज चार तास जास्त राबलेला आणि वेळेवर घरी गेलेला, दोघांना सुटताना सारखाच चेक मिळतो. मी कितीतरी जणांच्या हातात तो दिला आहे. जास्त राबलेला माणूस चेक दोनदा वाचतो.

आता तुमचे अकरा हजार.

तासाच्या भावाने बघितलं तर मिस्टर बरोबर आहेत. ११,००० भागिले २०८, तासाला ५३ रुपये. त्यांची ओटी १२०. पण त्यांनी ओटीतला खर्च धरलेला नाही. कंपनीची बस पाळी सुटल्यावर जाते, ओटीवाल्यासाठी थांबत नाही. मग रबाळे स्टेशनपर्यंत शेअर रिक्षा, मध्ये चहा-वडापाव, दिवसाला साठ रुपये कुठे गेले नाहीत. महिन्याला बाराशे. तास १०५ चा झाला. तरी तुमच्यापेक्षा जास्तच. मग मी तुम्हाला नोकरी धरा असं का सांगतोय?

कारण तुमचे अकरा हजार झाकणांच्या ऑर्डरवर अवलंबून नाहीत. अकाउंटंटकडे मार्च, जुलै, सप्टेंबरला मरणाचं काम असतं आणि बाकी महिन्यांतही पगार होतो. एकाच घरातले दोन पैसे दोन वेगळ्या ठिकाणांहून आले की एक आटला तरी दुसरा चालू राहतो. त्यांची ओटी कितीही वाढली तरी ती त्याच एका कंपनीतून येते. आणि दुसरं, त्यांचा बारावा तास पाच वर्षांनीही बारावा तासच असेल. तुमचं मात्र जीएसटी, टॅली, रिटर्न शिकून झालं की अकराचे सोळा मागता येतात, ठाण्यात त्या कामाला माणसं लागतात.

महिन्याचा हिशोब मांडून बघा. २३,२०० अधिक तुमचे ११,०००, त्यातून पास आणि डब्याबाहेरचा खर्च म्हणून हजार काढा. ३३,२०० झाले. हप्ता १३,२०० गेला, वीस उरले, घराला अठरा. ओटीचा एक रुपया न धरता महिना उभा राहतो. मग ओटी घ्या की. महिन्यात दहा संध्याकाळी, ४० तास, आजच्या पडेल दरानेही ४,८००. ती ओटी अशा कामाला लावा जे कधीतरी संपतं. आधी बांगड्या सोडवा. व्याज रोज चढतंय, बांगड्या ठेवलेल्या पैशाइतका महाग पैसा सध्या तुमच्या घरात दुसरा नाही. त्या सुटल्या की सहा हप्त्यांची गंगाजळी, ७९,२००, वेगळ्या खात्यात. ती भरेपर्यंत टीव्ही, बाइक, गावचं छप्पर, काही नाही. दिराने मागितले तरी नाही.

पण एका अटीवर. तुम्ही दहा ते सहा नौपाड्यात काम करून, दिव्याच्या गर्दीत उतरून, परत पोळ्या लाटायला उभ्या राहणार असाल तर हा हिशोब खोटा आहे. आज मिस्टरांचे चार तास १२० ला विकले जातात तेव्हा त्यांच्या वाट्याचे दोन तास तुम्ही घरात फुकट भरता, ते कुठल्याच स्लिपवर येत नाहीत. ज्या संध्याकाळी ते घरी असतील त्या संध्याकाळी जेवण आणि अभ्यास त्यांच्याकडे. हे आधी बोलून घ्या, नोकरी लागल्यावर नाही.

दराचं काय करायचं? एकट्याने जाऊन भांडू नका. ओटीच्या यादीतून नाव गेलं की तुमचाच महिना मोडतो, म्हणूनच तुमची नोकरी आधी आणि दराचं बोलणं नंतर, हा क्रम ठेवा. तोवर मिस्टरांनी एका छोट्या वहीत रोजची आत-बाहेरची वेळ लिहायची, तारखेसह, स्वतःच्या अक्षरात. मागच्या जितक्या स्लिपा असतील त्या सगळ्या एका फाइलला लावा, इन्सेंटिव्हवाल्या तर नक्की. मग पाळीतले दहा-बाराजण मिळून एचआरला एकच लेखी प्रश्न विचारायचा, ‘ओटीचा दर कुठल्या रकमेवर काढला जातो?’ आरोप नाही, मागणी नाही, फक्त प्रश्न. लेखी उत्तर द्यायला लागलं की बऱ्याच कंपन्या स्वतःच १२० वरून हलतात. नाहीच हलली तर ठाण्याच्या कामगार उपायुक्तांकडे अर्ज करता येतो. वेतन संहितेत दावा करायला ३ वर्षांची मुदत आहे, त्यामुळे उद्याच धावायची गरज नाही, पण वही आजपासून हवी. युनियन असेल तर तिच्यामार्फत. ठेकेदाराकडच्या पोरांना यात पुढे करू नका, त्यांना दुसऱ्या दिवशी गेटवरच थांबवतात.

आणि नव्या संहितेत ओटीला कामगाराची संमती लागते असं स्पष्ट आहे. म्हणजे रविवारी ‘येणार नाही’ म्हणणं हा उद्धटपणा होत नाही.

सासूबाईंना काय सांगायचं ते तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण त्यांच्याशिवाय तुमची नोकरी होणार नाही. लक्ष्मीला पाठ दाखवायची नाही हे त्यांचं बरोबर आहे, फक्त लक्ष्मी या घरात आता दोन दारांनी येणार आहे असं सांगा. रविवारचं म्हणाल तर त्यांना नारायण मेघाजी लोखंडे सांगा. आपल्या ठाण्यातच जन्मलेला माणूस, गिरणी कामगारांसाठी वर्षानुवर्षं भांडला, तेव्हा १८९० च्या जूनमध्ये रविवारची सुट्टी मिळाली. तुमचे मिस्टर ती सुट्टी १२० रुपये तासाने परत देत आहेत.

मिस्टरांवर चिडू नका. दोन महिने ओटी बंद झाल्यावर हप्ता बाऊन्स झालेला माणूस परत यादीत नाव आल्यावर काहीच सोडत नाही. मीही सोडत नव्हतो. आमचा पहिला फ्रिज ओटीचा होता, आणि तो आणला त्या दिवशी मी दुसऱ्या पाळीला थांबलो होतो. घरी आलो तेव्हा बायकोने त्यात बर्फ करून ठेवला होता आणि सगळे झोपले होते.

हा लेख त्यांना वाचायला देण्यापेक्षा स्लिप आणि कॅल्क्युलेटर समोर ठेवा, २४,९६० भागिले २०८ त्यांनाच करू दे. आणि दिवाळीनंतरच्या त्या दोन महिन्यांच्या स्लिपा मला पाठवा, नाव आणि तिकीट नंबर खोडून. ओटी बंद असतानाही ‘इन्सेंटिव्ह’चा खाना तिथे आहे का, तेवढं मला बघायचंय.